डाव्या करंगळीखालचा स्विच

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या भाचीने नऊ स्विच बसवलेली एक पट्टी माझ्या टेबलावर ठेवली, आणि त्यानंतरचे कितीतरी दिवस मी माझ्याच डाव्या हाताला घाबरून काढले. आजही ती भीती पूर्ण गेलेली नाही. थोडी सवयीची झाली आहे, एवढंच.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत, सव्वीस वर्षं. आमच्या भागात ज्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि ज्याच्या मागे चार माणसं चालतात, त्याचा गौरवग्रंथ निघतो. त्यातले बरेचसे माझ्या हाताखालून गेले आहेत. ‘अजातशत्रू’ हा शब्द मी झोपेतही टाइप करीन. हिमालयाची उंची असलेली, सागराची खोली असलेली आणि प्रुफं वेळेवर न देणारी पुष्कळ माणसं मी पाहिली. त्यामुळे मोठ्या शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि या अविश्वासाचा मला थोडा अभिमानही होता.

त्या वेळी असाच एक ग्रंथ हातात होता. एका पतसंस्थेच्या माजी अध्यक्षांचा. चारशे पानं, हॉल ठरलेला, पाहुणे ठरलेले. पहिली प्रुफं गेली आणि अध्यक्षांच्या सहायकाचा फोन आला.

“काय हो, ओकार गळालेत सगळीकडं. अनुस्वार न्हाईत. साहेब म्हणालेत, डोळं तपासून घ्या म्हणावं.”

डोळे ठीक होते. ज्या कीबोर्डवर मी मराठी टाइप करतो त्यात ओकार डाव्या करंगळीखाली येतो, एकार तिच्या शेजारच्या बोटाखाली, आणि अनुस्वार त्याच बोटाच्या खालच्या ओळीत. गळत होतं ते नेमकं याच तीन कळांमधलं. मी साहजिकच कीबोर्डला दोष दिला. तो अकरा वर्षांचा होता आणि त्याच्यावरची अर्धी अक्षरं पुसून गेली होती.

भाची कुरुंदवाडच्या माझ्या बहिणीची मुलगी. इथे एका कंपनीत नोकरीला आहे, रविवारी आमच्याकडे जेवायला येते. बाकीचा वेळ ती कॉम्प्युटरवर लढाईचे खेळ खेळते, कधी न पाहिलेल्या चार माणसांबरोबर, कानाला हेडफोन लावून, अशा भाषेत की तिची आई ऐकेल तर जेवण सोडेल. तिने माझा कीबोर्ड उलटा केला, त्यातून चिवड्याचे शेंगदाणे पाडले आणि निकाल दिला.

“मामा, ह्याच्या आत रबराची चादर असतीया. अकरा वर्षं हाणलासा तिला, मेली ती. दोष बोटांचा न्हाई.”

पुढच्या रविवारी ती पट्टी घेऊन आली. वीतभर लांब, वर नऊ रंगीत बटणं.

“हे काय, नवग्रह?”

“स्विच हायेत. चांगल्या बोर्डात प्रत्येक कळीखाली एकेक वेगळा असतोय. दाबून बघा की. तुमाला कुठला पटतोय त्याचाच बोर्ड घेऊ.”

तिने समजावून सांगितलं. लाल स्विच सरळ खाली जातो, मध्ये काही अडत नाही. खेळणाऱ्यांना तो लागतो, कारण शत्रू समोर उभा असताना बोटाला अडवून विचारपूस करणारा स्विच कुणालाच नको असतो. तपकिरी अर्ध्या वाटेवर किंचित अडतो. ते अडणं जाणवलं की अक्षर उमटलं असं समजायचं, तळापर्यंत दाबायची गरज नाही. लिहिणाऱ्यांना हा बरा. निळा अडतो आणि टिक असा आवाजही करतो. तो स्वतःला आनंदाचा आणि घरातल्या बाकीच्यांना तापाचा. उरलेले सहा या तिघांचेच भाऊबंद, कुणी हलका, कुणी जड.

मग तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक दाढीवाला गृहस्थ डोळे मिटून एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होता आणि तिच्या आवाजाला मलईदार म्हणत होता. दुसऱ्या एका स्विचच्या स्वभावात त्याला परिपक्वता आढळली. मला माझे गौरवग्रंथांचे लेखक आठवले. ते निदान जेवणाच्या आमंत्रणावर तरी लिहितात.

“सगळं थोतांड आहे,” मी म्हणालो. “डोळे मिटून ओळखून दाखव. मग मानीन.”

“मी ओळखतो की,” ती म्हणाली, आणि तिने नवांपैकी आठ ओळखले.

मग मी बायकोला हाक मारली. तिला यात काही गोडी नव्हती, म्हणूनच ती साक्षीदार म्हणून चांगली. हात पुसत आली, डोळे मिटले, दोन स्विच दाबले.

“ह्यात मधी बारीक खडा लागतोय, तांदळात लागावा तसा. ह्यात न्हाई. झालं? आमटी उतू जाईल माझी.”

राहिलो मी. उजव्या हाताने मला सगळं कळलं, खडासुद्धा. मनातून थोडा खट्टू झालो. भाची म्हणाली, “आता डाव्यानं. चुका डाव्याच हाताच्या हायेत न्हवं?” डोळे मिटून मी हात पुढे केला. तिने माझं एकेक बोट धरून स्विचवर ठेवायला सुरुवात केली. तर्जनीला कळलं. मधल्या बोटाला कळलं. मग करंगळी.

“लाल,” मी म्हणालो.

“आणि हा?”

“लाल.”

“हा?”

“हाही लालच. बघ, म्हटलं नव्हतं? काही फरक नाही.”

“मामा, नाटक करालाय.”

“हरले म्हणून असं,” बायको दारातून म्हणाली. “कबूल करा की.”

मी डोळे उघडले. बोट पट्टीवरच्या सगळ्यात जड अडणाऱ्या स्विचवर होतं. त्याच्या आधीचा तपकिरी होता. मी हसलो, कारण दोघी हसत होत्या. हसता हसता करंगळी मिटून तळहातावर दाबून पाहिली. तळहाताला करंगळी कळत होती. करंगळीला तळहात कळत नव्हता.

भाची गेल्यावर, बायको शेजारी गेलेली पाहून मी दाराला कडी लावली आणि गरम चहाचा स्टीलचा पेला डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनी धरला. तर्जनी लागली तेव्हा ती चटकन मागे आली. ती दोन बोटं मात्र पेल्याला चिकटून राहिली, काही घडलंच नाही अशी. मग टाचणी घेतली. टाचणी टोचताना मला दिसत होती, आणि दिसत होती एवढंच. रक्ताचा ठिपका आला तेव्हा मी खुर्चीत बसलो.

अडाणी असतो तर बरं झालं असतं. काही वर्षांपूर्वी मी एका कुष्ठसेवकाचं आत्मचरित्र जुळवलं होतं. त्यात एक वाक्य होतं: कोपराच्या आतल्या अंगाची नस दोरीसारखी जाड होते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आधी बधिर होतं. हे वाक्य मी माझ्या हातांनी टाइप केलं होतं. दुसऱ्या प्रुफात त्यातला एक स्वल्पविरामही काढला होता. त्याच्या पुढच्या पानावर लिहिलं होतं की हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि घाबरण्यासारखं काही नाही. तेही मीच टाइप केलं होतं. पण भीती पुढचं पान उलटत नाही.

त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत समाजाच्या मनातल्या अज्ञानावर दीड पान होतं. जुळवताना मला ते फार आवडलं होतं. आता तो समाज न्हाणीघरात कडी लावून, बायकोचा छोटा आरसा पाठीमागे धरून, अंगावर कुठे फिकट चट्टा दिसतो का ते पाहत होता. रोज पाहत होता. काल नसलेला चट्टा आज असेल असं वाटायचं, आणि उजेड बदलला की तसा तो दिसायचाही.

तीन आठवडे मी कुणाला काही बोललो नाही. माझा पेला वेगळा ठेवू लागलो. टॉवेल वेगळा. बायकोने विचारलं तर म्हणायचो, सर्दी वाटतेय. कोपर तर सारखा चाचपायचो. नस जाड आहे की नाही हे कळायला आधी बारीक नस किती असते ते माहीत हवं, आणि ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या दुकानदाराचा कोपर धरून पाहावा असाही विचार मनात येऊन गेला. अध्यक्षांची प्रुफं पडून होती. ओकार तपासून तपासून टाकायचा म्हणजे दर शब्दाला हाताकडे पाहावं लागे, आणि हाताकडे पाहिलं की पुढचा शब्द सुचत नसे. हा हात गेला तर मला दुसरं काय येतं, याचा मी हिशेबच मांडला नाही. उत्तर माहीत होतं.

पेठेतल्या डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती. तिथे ताप दाखवायला गेलेल्या माणसाचा ताप तो घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचतो. म्हणून मी मलकापूरला गेलो. एका लेखकाकडून हस्तलिखित आणायचंय असं घरी सांगितलं आणि रत्नागिरीकडे जाणारी एसटी धरली. वाटेत खिडकीच्या कडेवर डावा कोपर टेकवून बसलो, नेहमी बसतो तसा.

दवाखान्यात बाकावर शेजारी एक पटकेवाले म्हातारे होते.

“पावणं, कुठलं?”

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. “कोल्हापूर,” म्हणालो.

“कोल्हापुरास्नं हितं? तिकडचं डॉक्टर संपलं व्हय?”

सगळा बाक माझ्याकडे वळला.

“कामासाठी आलो होतो.”

“मग दुखतंय काय?”

“काही दुखत नाही.”

“दुखत न्हाई तर बसलासा कशाला?” त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. “बघा, दुखत न्हाई म्हणं.”

मला त्यांचा राग आला नाही. दुखत नव्हतं हेच तर माझं दुखणं होतं, आणि ते त्यांनी बाकावरच पकडलं होतं.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात घेऊन त्या बोटांना लावणार होत्या.

“लागलं की सांगा.”

थोडा वेळ गेला. “लागलं नाही,” मी म्हणालो.

“मी अजून लावलंच नाही.”

पुन्हा वेळ गेला. या वेळी मी गप्प राहिलो.

“आता लावलं होतं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझा कोपर धरला आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवला. मी श्वास धरून बसलो. त्यांना ते कळलं असावं.

“कशाची भीती वाटतेय तुम्हाला?”

शब्द तोंडातून येईना. त्यांनीच तो उच्चारला, सर्दी म्हणावं तसा. “तो असला तरी गोळ्या आहेत, माणसं बरी होतात. पण चट्टे नाहीत आणि नस मला जाड लागत नाही. काम काय करता?”

सांगितलं.

“कसे बसता ते बसून दाखवा.”

मी त्यांच्या टेबलाच्या कडेवर डावा कोपर टेकवला, औषधाच्या जाहिरातीचा एक कागद त्या हातात उभा धरला, आणि उजव्या हातात पेन घेतलं. आम्ही प्रुफं अशीच वाचतो. मला ज्यांनी हा धंदा शिकवला तेही असेच बसत. डावा कोपर रोवायचा, मूळ प्रत डोळ्यांसमोर धरायची, उजव्याने खुणा करायच्या. कोपराला घट्टा पडतो. आमच्यात तो घट्टा म्हणजे अनुभवाचा दाखला. नवा माणूस शिकायला आला की मी बाही वर करून त्याला तो दाखवत असे आणि म्हणत असे, हा पडल्याशिवाय अनुस्वार दिसत नाही. दुसऱ्यांच्या मानपत्रांना हसणाऱ्या माणसाने आपलं मानपत्र कोपरावर बाळगलं होतं.

“असं किती वेळ?”

“प्रुफं असली की दिवसभर.”

“किती वर्षं?”

“सव्वीस.”

त्यांनी घट्ट्यावर बोट टेकवलं. “करंगळीची नस हाडाला लागून इथून जाते. तुम्ही तिच्यावर बसलाय.” मग चिठ्ठी लिहिली. “तरी नक्की काय ते नसांच्या तपासणीत कळेल. ती इथे होत नाही. कोल्हापूरला होते.” चिठ्ठी देताना पहिल्यांदाच हसल्या. “तिथूनच आलात ना?”

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारात उभी होती.

“मलकापूरच्या दवाखान्यात काय काम होतं?”

बाकावरच्या शेजारीणबाई तिच्या मावसबहिणीच्या नणंद निघाल्या, आणि त्यांनी मला ओळखलं होतं. एसटीपेक्षा फोन लवकर पोचतो. मी सगळं सांगितलं. पेला, टाचणी, आरसा, आणि तो शब्दही. ती ऐकत राहिली.

“तीन आठवडं पेला वेगळा ठेवलासा,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या हातचं पाणी नको झालं म्हणून मी गप बसलो. माझंच काय चुकलं ते आठवत बसलो रोज.”

मी मान वळवून खिडकीकडे पाहत होतो. थोड्या वेळाने खाली पाहिलं तर माझी करंगळी तिने मुठीत धरलेली होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

तपासणी झाली. हाताला विजेचे बारीक झटके देतात आणि नस निरोप किती वेगाने पोचवते ते मोजतात. कोपरापाशी निरोप अडत होता. रोग नव्हता. नस दबून दबून खराब झालेली होती. हे ऐकल्यावर मी हलका होईन असं वाटलं होतं, आणि रिक्षात बसेपर्यंत झालोही. मग डॉक्टरांची पुढची वाक्यं आठवली. कोपर कुठेही टेकवायचा नाही. हात सरळ ठेवून झोपायचं. सहा महिने वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. संवेदना परत येईल, काही प्रमाणात येईल, कदाचित येणारही नाही. त्यांनी माझा पंजा उजेडात धरून अंगठ्याजवळचा खड्डा दाखवला होता. तिथलं मांस उतरलं होतं. रोज पाहत असलेल्या हातात तो खड्डा मला दिसला नव्हता, मी चट्टे शोधत होतो.

अध्यक्षांचा ग्रंथ तर पूर्ण करायचा होता. भाचीने पट्टी पुन्हा काढली, आणि या वेळी मी व्हिडिओला हसलो नाही. लाल स्विच पहिल्याच दिवशी बाद झाला. तो इतका हलका की करंगळी नुसती टेकली तरी दबे, आणि टेकलेली मला कळत नसे. वर पानाकडे पाहावं तर ओकारांची रांग लागलेली. तपकिरी बाकीच्या आठ बोटांना आवडला, पण ज्या दोघांसाठी तो घ्यायचा त्यांना त्याचा खडा लागत नव्हता. जड स्विच घेतला तर अशक्त बोट तो दाबूच शकेना.

“निळा लावू,” भाची म्हणाली. “बोटाला न्हाई कळलं तर कानाला कळंल.”

“दिवसभर टिकटिक? तुझी मामी घर सोडून जाईल.”

“सगळीकडं कशाला? ह्या बोर्डात स्विच चिमट्यानं उपटून बदलता येतोय. त्या तीन कळांखाली तेवढं निळं लावतो, बाकी तपकिरी.”

तिने चिमटा घेतला आणि एकेक कळ काढून दात बसवावेत तसे ते स्विच बसवले. तेव्हापासून माझा कीबोर्ड जवळजवळ मुका आहे. फक्त ओकार, एकार आणि अनुस्वार आले की तो बोलतो.

ग्रंथ झाला. समारंभही झाला. अध्यक्षांना तीन वेळा हिमालय म्हटलं गेलं आणि मात्रा सगळ्या जागेवर होत्या. पुढचं काम आलं. सहा महिन्यांतले चार संपले आहेत. गरम पेला धरून पाहायचा नाही असं मी ठरवलं आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील. टाइप करताना टिक आवाज येतो आणि कधी कधी मी दचकतो, कारण बोट हललेलं मला कळलेलं नसतं. खोलीत दुसराच कुणीतरी बसून माझं वाक्य पुरं करतोय असं वाटतं. टिक येत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. मग मी थांबतो, मान खाली घालतो, बोट डोळ्यांनी शोधतो, कळीवर ठेवतो आणि दाबतो.

परवा दुपारी असाच थांबलो होतो. पान बरंच बाकी होतं. करंगळी कळीवर होती, दिसत होती, आणि दाबूनही दबत नव्हती. दोनदा केलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता तो बंद झाला.

“अहो?” बायकोने तिथूनच विचारलं. “काय झालं?”

“काही नाही. वाचतोय.”

भांड्यांचा आवाज परत सुरू झाला नाही. मी उजव्या हाताचं बोट पलीकडे नेलं आणि ती कळ दाबली. टिक झालं. थोडं थांबून तिने नळ सोडला.